व्हिडिओ आर्ट करायचंय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवख्यांसाठी, पहिल्या कामापासून पहिल्या शोपर्यंत

चित्रकलेचा कोर्स झालेली, नाहीतर लग्नाचं एडिटिंग करणारी, नाहीतर नुसती रील्स करून कंटाळलेली पोरं अधूनमधून विचारत असतात, ताई व्हिडिओ आर्ट म्हणजे नेमकं करायचं काय, कॅमेरा कुठला घेऊ, आणि करून इकडं दाखवायचं कुठं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. फक्त एका प्रकाराबद्दल लिहिणार आहे, तो म्हणजे टीव्ही, सिनेमा, जाहिराती, मोबाईल यांच्याशी आपलं जे काय नातं झालंय त्याच्यावरचं काम. सुरुवातीला हेच करा, कारण त्याचा कच्चा माल तुमच्या घरात रोज संध्याकाळी सातला आपोआप येतोय.

१. आधी थोडीच कामं बघा, पण नीट बघा

यूट्यूबवर 'व्हिडिओ आर्ट' टाकून रात्रभर बघत बसू नका, डोक्याचा भुगा होतो. एवढी बघा.

नाम जून पाइक. १९६३ साली जर्मनीत वुपर्टालला यानं बिघडवलेले, फिरवाफिरव केलेले टीव्ही संच प्रदर्शनात मांडले. टीव्ही बघायची वस्तू होती, यानं ती हात घालायची वस्तू केली.

मार्था रॉसलर, १९७५. 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' नावाचं साधारण सहा मिनिटांचं काम. कुकिंग शोसारखी उभी राहून ती इंग्रजी ए, बी, सी या क्रमानं एकेक भांडं-हत्यार दाखवते, पण चेहरा ठार कोरा आणि हातात एवढा राग की बघताना आपणच मागं सरकतो. खर्च म्हणाल तर एक स्वयंपाकघर, एक कॅमेरा, बस्स.

दारा बर्नबॉम, १९७८-७९. अमेरिकेतल्या वंडर वुमन मालिकेतला, ती बाई गोल फिरते आणि साधीची सुपरहिरो होते तो क्षण, हिनं परत परत जोडला. पहिल्या वेळेला मजा वाटते, पाचव्या वेळेला कळतं की ही बाई यातून सुटतच नाहीये. आणि हे काम सुरुवातीला तिनं कुठं दाखवलं? न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या एका सलूनच्या खिडकीत. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या कॅम्प या ग्रुपचं २०१३ चं 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' मिळालं तर चुकवू नका. कच्छकडून आखाती देशांत आणि पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ, त्यावर त्यांनीच लावलेली गाणी, आणि त्यातून पूर्ण लांबीचा सिनेमा. त्याच ग्रुपमधल्या शायना आनंदनं २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी भागात स्वस्तातले कॅमेरे, टीव्ही आणि केबल जोडून वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना टीव्हीतून एकमेकांशी बोलायला लावलं होतं. आपल्या गल्लीत केबलवाला कसा काम करतो हे ज्यानं बघितलंय त्याला ही आयडिया एका मिनिटात कळते, कलेची डिग्री लागत नाही.

बघताना प्रत्येक कामाबद्दल वहीत एकच ओळ लिहायची, यानं मूळ गोष्टीला *काय केलं*. परत जोडलं, थांबवलं, आवाज काढला, जागा बदलली. अर्थ काय ते नंतर बघू.

२. घरातली एकच गोष्ट पकडा

"मीडियाचा समाजावर परिणाम" असला विषय घेऊन आलात तर मी चहा पाजून परत पाठवीन. विषय एवढा बारका पाहिजे की बोट दाखवता आलं पाहिजे.

आपल्या भागाची एक वेगळीच गंमत आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या पोरांना मिळत नाही. इथं एकाच घरात, एकाच रिमोटवर मराठी आणि कन्नड दोन्ही चॅनेल चालतात. आत्याला मराठी मालिका पाहिजे, शेजारच्या अक्का येऊन बसल्या की कन्नड लागतं, ब्रेकमध्ये कोणीतरी बटण दाबतंय. आणि दोन्हीकडं जाहिरात तीच. बाई तीच, साबण तोच, फेस तोच. नीट बघा, तिचे ओठ दोन्हीकडं जुळत नाहीत, कारण ती मुळात हिंदीत बोललेली असते. म्हणजे मराठीचा आवाजही वरून चिकटवलेला आणि कन्नडचाही, आणि दोन्ही घरं तिला आपलीच समजतात. दोन जुने टीव्ही शेजारी शेजारी ठेवून एवढंच दाखवलं तरी काम झालं की ओ! सीमेवरून इतकी भाषणं झाली, पण त्या दोन ओठांइतकं नेमकं मला तरी कुठं सापडलेलं नाही.

दुसरं, वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. बाहेरच्यांना सांगते, बेळगावात गल्लीगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावे करतात, हजारो लोक रात्रभर रस्त्यावर असतात. यात आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो आणि स्पीकरवरून येतो, पोरं ट्रॉलीवर फक्त हावभाव करतात, तलवार उगारतात, ओठ हलवतात. धड गल्लीचं, गळा स्टुडिओचा. आणि मिरवणूक अडकली की दोन प्रवेशांच्या मधे काय होतं ते बघा. जिरेटोप घातलेला पोरगा डिंकानं चिकटवलेली दाढी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं मोबाईल बघत बसलेला असतो, त्याच्या तोंडावर निळा उजेड, मागं हॅलोजनचा पिवळा. सिनेमा, मालिका, इतिहास, भक्ती, रील सगळं त्या एका चेहऱ्यावर. फक्त हे चेष्टा म्हणून शूट करू नका. मंडळाला आधी भेटा, काय करणार ते सांगा, नंतर दाखवा. महाराजांचा विषय आहे, लोकांच्या भावना खऱ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर चेष्टेतून काम हलकंच होतं.

तिसरं, लग्नाच्या जुन्या कॅसेटी. आंतरपाटाच्या वर बदामात नवरा-नवरी, मागं त्या काळचं सिनेमाचं गाणं, फुलं पडतायत, स्क्रीन गोल फिरतीय. घरोघरी कपाटात पडून आहेत.

यातलं एक घ्या नाहीतर तुमचं शोधा. पण एकच.

३. तीन वाटा, त्यातली एक निवडा

पहिली वाट, कापायची. म्हणजे असलेलं फुटेज घेऊन त्यावर काम करायचं, बर्नबॉमसारखं.

दुसरी, स्वतः करायची, रॉसलरसारखं. मालिकेतला तीन वेळा झूम होणारा चेहरा तुम्ही किंवा तुमची बहीण घरातल्या घरात करा. एक जण मोबाईल घेऊन पुढं-पुढं येणार, दुसरी डोळे मोठे करणार, तिसरी तोंडानं 'ढॅण ढॅण ढॅण' म्हणणार. हसू येईल, येऊ दे. पण दहा मिनिटं सलग केलं की हसू संपतं आणि मग काहीतरी दुसरंच दिसायला लागतं, तिथून पुढचं वापरा.

तिसरी, बघणाऱ्याला बघायची. कॅमेरा टीव्हीकडं पाठ करून ठेवायचा आणि आत्याचा चेहरा घ्यायचा. नवख्यांना मी हीच सुचवते. पडद्यावर काय चाललंय ते दिसायची गरजच नाही, चेहऱ्यावर रंग बदलतात, भाजी निवडणारा हात मधेच थांबतो, जाहिरात लागली की परत सुरू होतो. हात कधी थांबतो एवढ्यावर सगळं काम उभं राहू शकतं. शिवाय कॉपीराइटची निम्मी कटकट इथंच संपते.

४. एकच क्रिया करा

नवखे इथं हमखास अडकतात. सॉफ्टवेअर हातात आलं की स्लो मोशन, ग्लिच, काळं-पांढरं, वर इंग्रजी अक्षरं, खाली बासरी, सगळं एकदमच. त्यानं 'आर्ट'सारखं दिसतं, पण कळत काहीच नाही. वहीत एक क्रियापद लिहा, जसं *जोडणे*, *थांबवणे*, *आवाज काढणे*, *शेजारी ठेवणे*, आणि तेवढंच करा. इफेक्टचा टॅब उघडायचाच नाही.

लांबी तीन ते सात मिनिटं पुरे. क्रिश्चन मार्कलेचं १९९५ चं 'टेलिफोन्स' साडेसात मिनिटांचंच आहे, नुसते सिनेमातले लोक फोन लावतायत, उचलतायत, ठेवतायत, आणि तरी कंटाळा येत नाही. नंतर त्यानंच २०१० मध्ये २४ तासांचं 'द क्लॉक' केलं, पण ते नंतर, माणसं हाताशी घेऊन आणि वर्षं घालवून. तुम्ही पाच मिनिटांवर थांबा.

५. सामान

- मोबाईल, ज्यात शटर (प्रत्येक चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) हातानं बदलता येतो (फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड नसेल तर तसलं अॅप घ्या)
- ट्रायपॉड, साधा चालतो, हलला नाही म्हणजे झालं
- एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन. लॅपटॉप जुना असेल तर शॉटकट, हे पण फुकट
- स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, फुकट
- सेट टॉप बॉक्समधून घ्यायचं असेल तर एचडीएमआय कॅप्चर कार्ड, साधं हजाराच्या आत मिळतं
- लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींसाठी चालू व्हीसीआर, पिवळी-लाल-पांढरी वायर आणि यूएसबी कॅप्चर
- दोन पेनड्राइव्ह. एक नाही, दोन.

व्हीसीआर कुठं मिळणार? जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडं जा. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी कुठंही एखादा काका असतोच ज्याच्या माळ्यावर दोन पडलेले असतात. एक गोष्ट मात्र पाळा, कॅसेटच्या आत टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच घालू नका, व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड खराब होतं आणि मग पुढच्या सगळ्या कॅसेटी खरखरीत येतात. आणि या काकांना नुसतं मशीन मागून निघू नका, बसून बोला. टायटल कसं लावायचे, व्हिडिओ मिक्सरवर बदाम कसा काढायचे, कुठलं गाणं कुठल्या विधीला हे त्यांना पाठ आहे. आपल्या भागातली व्हिडिओची खरी शाळा तीच होती, हे माझं ठाम मत आहे.

६. टीव्हीचं शूटिंग करताना पट्टे येतात, त्याचं काय

आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आणि केबलचं चित्रही त्याच हिशोबातलं. म्हणून जुना डबा टीव्ही शूट करताना फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा, वर-खाली सरकणारी काळी पट्टी जवळजवळ थांबते. लॅपटॉपची स्क्रीन बहुतेक ६० वर चालते, तिथं ३० आणि १/६०. ऑटोवर ठेवलंत तर दर सेकंदाला फोन आपल्या मनानं बदलत राहणार आणि नंतर एडिटिंगमध्ये ते काढता येत नाही.

एलईडी स्क्रीनवर साबणाच्या फुग्यासारख्या रंगीत नक्ष्या दिसल्या तर थोडं मागं सरका, कोन बदला किंवा फोकस किंचित सोडा. ट्यूबलाइट बंद, नाहीतर काचेत तुम्हीच दिसणार. मुद्दाम दिसायचं असेल तर गोष्ट वेगळी.

ओटीटी अॅपचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की आवाज येतो पण चित्र काळं, हा तुमच्या फोनचा दोष नाही, त्यांनी लावलेलं कुलूप आहे. ते तोडायच्या भानगडीत पडू नका.

७. कॉपीराइट, हे झोपेत वाचू नका

मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकाला माहीत पाहिजे. आपला कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी मर्यादित सूट आहे. विडंबन असं वेगळं नाव घालून काही दिलेलं नाही. म्हणजे घरी बसून मालिका कापून शिकायला काही हरकत नाही, पण लोकांना दाखवायला गेलात की "आर्ट आहे हो" म्हणून भागत नाही.

सिनेमाचा हक्क प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्याहून जुनं चित्र मोकळं होतं. पण सापळा इथं आहे, सिनेमा मोकळा झाला तरी गाणं झालं असेलच असं नाही, गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून जुन्या फुटेजवर काम करणार असाल तर आवाज स्वतःचा घाला.

यूट्यूबची मशीन तर कायदाबियदा बघतच नाही, सूर जुळला की ब्लॉक. 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं ठेवलं तरी तपासलं जातं. तिसऱ्या वाटेनं गेलात, आत्याचा चेहरा घेतला, आणि मागं शीर्षकगीत वाजत राहिलं तरी पकडतं. उपाय सोपा, चेहरा घेताना आवाज वेगळा घ्या, नंतर फक्त घरातले आवाज ठेवा, कुकर, फॅन, रस्त्यावरचा रिक्षा. बऱ्याचदा काम त्यानंच सुधारतं.

८. माणसांची परवानगी

चेहरा दिसणार त्या प्रत्येकाकडून साध्या कागदावर सही. कुठं दाखवणार, नेटवर टाकणार की नाही, दोन्ही लिहा. लहान मुलं असतील तर आईवडिलांची सही. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांसाठी कागद कन्नडमध्ये करा, मराठी कागदावर सही मागणं बरं दिसत नाही आणि उद्या कोणी विचारलं तर त्याला अर्थही राहत नाही. लग्नाच्या कॅसेटीत तर नवरा-नवरी दोघांना विचारा, एकट्या नवऱ्याच्या 'हो'वर चालू पडू नका.

९. दाखवायचं कुठं

टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णींच्या नावाची आर्ट गॅलरी आहे. याच के. बी. सरांच्या हाताखाली रवी परांजपेंसारखे चित्रकार तयार झाले, त्यामुळं गावाची नजर चांगली आहे, पण ती पोर्ट्रेट आणि निसर्गचित्राला सरावलेली. तिथं टीव्ही ठेवायचा असेल तर आधी जाऊन प्लगचे पॉइंट मोजा, खिडक्यांवर काळं कापड लावता येतं का बघा, आणि शेजारच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी तालीम नाही ना ते विचारा.

पण पहिल्या कामासाठी मी म्हणेन गॅलरीच्या मागं लागू नका. सलून आठवतंय ना? आपल्याकडच्या प्रत्येक सलूनमध्ये आरशाच्या वर टीव्ही लावलेला असतो आणि खाली माणूस वीस मिनिटं हलू शकत नाही, असला प्रेक्षक गॅलरीत मिळणार नाही. शिवाय टीव्ही मागच्या भिंतीवर असेल तर आरशात चित्र उलटं दिसतं, त्याचा वापर करा. चहाची टपरी, टीव्ही दुरुस्तीचं दुकान, केबलवाल्याचं ऑफिस, हेही चालतं. मालकाला आधी पूर्ण व्हिडिओ दाखवा. गिऱ्हाईक वैतागलं तर बंद करायचा हक्क त्याचा, हे तोंडी सांगून ठेवा.

मोठं करायचं असेल तर मंगल कार्यालयात एलईडी वॉल लावणारे लोक आहेत. लग्नसराईत त्यांना बोलायलाही वेळ नसतो, मुहूर्त नसलेल्या दिवसांत गेलात तर भाडं कमी करतात, कधी कधी कौतुकानं तसंच देतात.

रस्त्यावर, चौकात दाखवायचं तर वेगळी गोष्ट. महापालिका आणि पोलीस, दोन्हीकडं अर्ज, पोच घेऊनच परत यायचं. रात्री १० नंतर स्पीकर नाही. बॅनरवर कन्नड घाला, मोठं आणि वर. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हा राज्याचा नियम २०२४ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलाय, आणि त्यावरून शोच्या संध्याकाळी वाद झाला तर तुमचं काम कोणी बघणार नाही, वादच बघतील. तसंही कन्नड वाचणारे लोक यायला पाहिजेत की नकोत? माहितीचा कागद मराठी-कन्नड दोन्हीत करा.

१०. लूप, पेनड्राइव्ह, लाईट

फाइल एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. बहुतेक टीव्ही एवढं खातात. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आधी बघा.

टीव्हीचं रिपीट बटण वापरू नका. प्रत्येक वेळी मधे काळी स्क्रीन, फाइलचं नाव, कंपनीचा लोगो, सगळं येतं आणि कामाची वाट लागते. एडिटिंगमध्येच तेच काम वीस-तीस वेळा ओळीनं लावून दोन तासांची एक फाइल काढा. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो पॉवर ऑफ बंद करा, आणि चित्र गुळगुळीत करणारा मोशनचा पर्याय पण बंद करा, नाहीतर व्हीएचएस सुद्धा कालच शूट केल्यासारखं दिसतंय.

लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपवर तीच फाइल तयार ठेवा. टीव्ही परत चालू झाला की आपोआप व्हिडिओ लागत नाही, तो चॅनेलवर जातो, म्हणून रिमोट कोणाकडं आहे हे ठरलेलं पाहिजे. रिमोटचे सेल नवे घाला.

११. कागदांची फाइल

- सहीची संमतीपत्रं, त्यांच्या झेरॉक्स
- जागेच्या मालकाची परवानगी, दोन ओळी चालतील
- बाहेर दाखवणार असाल तर पालिका आणि पोलिसांच्या अर्जाची पोच, आधारची झेरॉक्स
- कामाबद्दल शंभर-दीडशे शब्द, मराठी, कन्नड, इंग्रजी (मी काय *केलं* ते आधी, मला काय *वाटतं* ते शेवटी)
- तांत्रिक कागद, ज्यात लांबी, फाइल, आवाज आहे की नाही, किती टीव्ही, कसे ठेवायचे
- व्हिडिओतली चार स्थिरचित्रं आणि शोचा एक फोटो ज्यात बघणारी माणसं दिसतात

१२. बाहेर पाठवायचं असेल तर

डिसेंबरात चोर्ला घाटातून पणजीला जा, सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, बघायला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवायचं असतं. टीव्ही आणि प्रोजेक्टर कसे लावतात, वायरी कशा लपवतात, बाक कुठं ठेवतात हे बघून या, कामापेक्षा तेच जास्त शिकवतं. बेंगळुरूत २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा आहे, २०२३ पासून मॅप (म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी) पण आहे, कामाला गेलात तर चक्कर टाका.

पैशासाठी बेंगळुरूच्याच इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडं अर्ज करता येतो. १९९३ पासूनची संस्था, प्रस्ताव भारतीय भाषांत लिहिलेला चालतो, म्हणजे मराठीतही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोणाकडून तरी गुळगुळीत करून घेऊ नका, तुमच्या भाषेत लिहा, आत्याचा हात कधी थांबतो ते लिहा. व्हिडिओची लिंक पासवर्ड लावून द्या आणि तो पासवर्ड अर्जातच लिहा, वेगळ्या मेलनं नको, तो मेल उघडलाच जात नाही.